बांधाला लागून कारखाना

तोडलेला ऊस थांबत नाही. कोयता बसला की आतली साखर मोडायला लागते. एक दिवस निभतो, पण दोन-तीन दिवस गेले की वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. शिवाय दहा टन ऊस गाळला तर साखर पदरात पडते ती जेमतेम एक टन. बाकीचं पाणी आणि चोथा लांबवर वाहून नेण्यात कुणाचाच फायदा नाही. कापसाच्या गाठी आगगाडीत आणि मग बोटीत चढून मँचेस्टरला जाऊ शकल्या. उसाला तशी सवलत नव्हती. त्याचं यंत्र त्याच्या बांधाला लागूनच उभं राहायला हवं. नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जुनी जीभ अजून नगरच म्हणते) उत्तरेकडच्या पाच-सहा तालुक्यांत गेल्या शंभर वर्षांत जे घडलं, त्याची सुरुवात या एवढ्याशा अडचणीत आहे.

बांधाला लागून कारखाना आला की आणखी एक होतं. शेजाऱ्याला तो दिसतो.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये शेफील्डच्या चाकू-सुऱ्यांच्या धंद्याकडे पाहून लिहून ठेवलं, की एखादा धंदा एका मुलखात रुजला की त्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, ती हवेत तरंगू लागतात आणि पोरंही नकळत ती शिकतात. पुढे कॅलिफोर्नियातल्या संगणकवाल्यांच्या भरभराटीचं कारण शोधणाऱ्यांना हेच सापडलं. तिथल्या ‘वॅगन व्हील’ नावाच्या गुत्त्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे इंजिनिअर संध्याकाळी बसत आणि दिवसभर अडलेल्या गोष्टी बोलून टाकत. नगरमधल्या प्रवरा नदीच्या काठी असा गुत्ता नव्हता. लग्नाचे मांडव होते, आठवड्याचे बाजार होते, आणि चारी फोडायला रात्री बांधावर जागत बसलेले शेतकरी होते.

आधीचा नगर जिल्हा आठवून पाहा. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि तो वणवा नगरकडच्या गावांतही पोचला. सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जासाठी खास कायदा केला. दरम्यान १८७६-७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. शतक संपता संपता आणखी दोन आले. भंडारदऱ्याचं धरण या भीतीतून बांधलं गेलं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये संपलं; २७० फूट उंचीचा दगडी बांध, प्रवरेच्या दोन्ही तीरांना कालवे, आणि गव्हर्नर विल्सनचं नाव. गोदावरीचे कालवे त्याच्या आधीच कोपरगावकडे आले होते.

इंग्रज इंजिनिअरांच्या डोक्यात कालवा होता तो बाजरी-ज्वारी जगवण्यासाठी. गंमत अशी की बाजरीवाल्याला पाऊस चांगला झाला की कालव्याचं पाणी नको असे. पैसे मोजून पाणी घ्यायची वेळ फक्त वाईट वर्षात. म्हणूनच दख्खनचे कालवे तोट्यात चालले. नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली, म्हणजे ठरावीक तुकड्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी. ती हमी परवडणारं आणि पचवणारं पीक एकच होतं. दुष्काळासाठी बांधलेल्या कालव्यांवर ऊस चढला तो असा, सरकारच्या हिशेबाला मदत म्हणून. आज ‘ऊस सगळं पाणी पितो’ म्हणून शेतकऱ्याला बोल लावणाऱ्यांनी ही सुरुवात लक्षात ठेवावी.

पण ऊस म्हणजे बाजरी नव्हे. अठरा महिन्यांचा आडसाली ऊस उभा करायचा तर बेणं, खत, पाण्याच्या पाळ्या, बांधणी, सगळ्याचं शास्त्र लागतं, आणि ते इथल्या कोरडवाहू माणसाला येत नव्हतं. ते घेऊन आले सासवडकडचे माळी. नीरा कालव्यावर हात बसलेली ही मंडळी खंडाने जमिनी घेत गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर सरकली. रावबहादूर नारायणराव बोरावके यांचं नाव आज श्रीरामपुरातल्या महाविद्यालयावर आहे. ते श्रीरामपूर तेव्हा बेलापूर रोड नावाचं, दौंड-मनमाड मार्गावरचं एक स्टेशन होतं. माळ्यांच्या शेतावर मजुरीला गेलेला माणूस दोन-चार हंगामांत सगळं शिकून परते. पुस्तक नाही, वर्ग नाही.

त्या काळची प्रयोगशाळा म्हणजे गुऱ्हाळ. चुलवाणावर काहील, काहिलीत रस, रसात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी, वर आलेली मळी झाऱ्याने काढत राहायची. पुढचा सगळा खेळ गुळव्याच्या बोटांचा. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि ती आपटून पाहतो. टणक आवाज आला की काहील उतरवायची. मिनिटभर आधी उतरवली तर गूळ पाघळतो, मिनिटभर उशीर झाला तर काळा पडतो आणि बाजारात भाव जातो. हा माणूस चार गावांत सारखा बोलावला जाई. एका गुऱ्हाळावर सुधारलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात दुसऱ्यावर पोचायची ती त्याच्याबरोबर.

यंत्र आलं ते खाजगी कंपन्यांकडून. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना दख्खनच्या पहिल्या आधुनिक कारखान्यांपैकी. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी धंद्याला संरक्षण दिलं आणि पाठोपाठ रांग लागली. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली आणि वसाहतीला लोकमान्यांचं नाव दिलं, टिळकनगर. पुणतांब्याजवळ चांगदेव आली. १९३९ मध्ये करमशी सोमय्यांची गोदावरी शुगर मिल्स, कोपरगाव तालुक्यात साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी. साकरवाडीच्या नावातला ‘क’ मराठी नाही. मालकांच्या घरच्या गुजराती-कच्छी बोलीतली ती साकर.

या कारखान्यांनी आपला ऊस आपणच पिकवला. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षांच्या खंडाने घेतल्या. जमीन माझी, ऊस कंपनीचा, आणि मी खंडकरी. असे हजारो झाले. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, १९६३ मध्ये त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांची लढाई थेट या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालली. तो एक वेगळा लेख होईल. इथे एवढंच पुरे की १९४० च्या सुमारास प्रवराकाठचा बागाईतदार कारखान्याच्या धुराकडे रोज बघत होता, पण त्याच्या स्वतःच्या उसाला गुऱ्हाळाशिवाय वाट नव्हती. गुळाचा भाव दुसऱ्याच्या हातात, कालव्याची पट्टी सरकारच्या हातात.

बघण्याने काय होतं ते लोणी गावात दिसलं. विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील चौथीपर्यंत शिकलेले शेतकरी. १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. म्हणजे सावकाराशिवाय पैसा उभा करता येतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. दुसरीकडे पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ नेमक्या याच गोदावरी-प्रवरा कालव्यांनी मुलखाला काय दिलं याची मोजदाद करत होते. तो पाहणी अहवाल १९४८ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. हे प्राध्यापक आकडे घेऊन परत गेले नाहीत, हे या जिल्ह्याचं नशीब. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला बागाईतदारांची परिषद भरली, गाडगीळ अध्यक्ष होते, आणि शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा असं तिथे ठरलं.

ठरवणं सोपं. भागभांडवल मागत विठ्ठलराव आणि त्यांचे सोबती चाळीसहून अधिक गावं हिंडले. साखर कारखाना म्हणजे लाखोंचं काम, ते आपल्यासारख्यांनी करायचं, यावर विश्वास कोण ठेवणार? मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते. त्याआधी कित्येक वर्षं प्रांतिक सहकारी बँक त्यांनी चालवली होती, त्यामुळे ‘सहकार’ हा शब्द त्यांच्यासाठी भाषणातला नव्हता. सरकारने भाग घेतले, १९४८ मध्येच जन्मलेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं. १९५० च्या डिसेंबरअखेर लोणीच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली. गाडगीळ अध्यक्ष, विठ्ठलराव उपाध्यक्ष. दिवसाला पाचेकशे टन उसाची ताकद. आजच्या कारखान्यांपुढे ते खेळणं वाटेल.

‘आशिया खंडातला पहिला’ ही बिरुदावली लोणीच्या या प्रवरा कारखान्याला कायमची चिकटली आहे. खरं सांगायचं तर आंध्रातल्या एटिकोप्पाका गावात १९३३ मध्येच शेतकऱ्यांची सहकारी साखर संस्था निघाली होती, आणि आपल्याकडे माळीनगरला सासवडच्या माळ्यांनी १९३० च्या दशकातच आपला कारखाना उभारला होता, फक्त तो सहकारी नव्हे, भागधारकांच्या कंपनीच्या रूपात. पहिलेपणात मला फारसा रस नाही. एटिकोप्पाकाच्या आसपास त्यासारखे दहा उभे राहिले नाहीत, लोणीच्या आसपास राहिले. नवल आहे ते यात.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत लोणीपासून पन्नास किलोमीटरच्या आत राहुरी, कोळपेवाडीचा कोपरगाव कारखाना, गणेशनगर, श्रीरामपूरचा अशोक, सहजानंदनगरचा संजीवनी, संगमनेर असे कारखाने झाले. मग सोनईचा मुळा, भेंड्याचा ज्ञानेश्वर, श्रीगोंदा, अकोल्याचा अगस्ती, पाथर्डीचा वृद्धेश्वर. तनपुरे, काळे, कोल्हे, थोरात, गडाख, घुले, नागवडे ही आडनावं आणि त्यांचे कारखाने जिल्ह्यात एकाच श्वासात उच्चारले जातात. हे राजकारण होतंच, नाही कशाला म्हणा. कारखान्याचा अध्यक्ष पुढे आमदार होणार हे पोरालाही कळत होतं. १९६१ मध्ये पंडित नेहरू कारखान्याच्या प्रवरानगरला येऊन गेले, त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली, आणि दिल्लीचे परवानेही सहकाराकडे वळत होते. पण निव्वळ परवान्याने कारखाना चालत नाही.

चालवणारी माणसं कुठून आली ते पाहा. सुरुवातीचे चीफ केमिस्ट आणि इंजिनिअर एक तर कानपूरच्या साखर संस्थेत शिकलेले, नाही तर खाजगी कारखान्यांत मुरलेले. पॅनवरचा माणूस पाहायला मिळाला तर जरूर पाहावा. निर्वात पॅनमध्ये रस आटत असतो. हा सळईने त्यातला नमुना बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि दाणा पाहतो. दाणा बारीक, एकसारखा, धारदार हवा. गुळव्याने गोळी आपटून जे ओळखावं तेच हा काचेवर ओळखतो. त्याची आई चुलवाणापाशी बसलेली असेल तर आश्चर्य नाही. अशी माणसं शेजारच्या कारखान्याने चार रुपये जास्त दिले की तिकडे जात. मालक चिडत, पण जिल्ह्याचा फायदा होई. हरिगावात शिकलेला हात राहुरीत काम करी, राहुरीतला संगमनेरला.

शेताकडचं ज्ञान आणखी वेगाने पसरलं. पूर्वी पुंड्या ऊस होता, रसाळ पण नाजूक. कोइमतूरहून को ४१९ आला, मग १९५६ मध्ये पाडेगावच्या संशोधन केंद्रातून को ७४०, आणि त्याने महाराष्ट्र व्यापला. १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं, त्याचं बस्तान राहुरीला बसलं, आणि पाडेगाव त्याच्याकडे आलं. को ८६०३२, फुले २६५ ही त्यानंतरची नावं शेतकऱ्याच्या तोंडी शेजाऱ्याच्या नावासारखी आहेत. पण विद्यापीठापेक्षा भरवसा बांधापलीकडच्या शेतावर. कारखान्याचा स्लिपबॉय लागणीच्या नोंदी घेत गावभर फिरतो, कुणाच्या एकरी किती टनाचा काटा झाला ते त्याला पाठ असतं. तोच खरा प्रसारक. त्यात हंगाम संपल्यावर प्रत्येक कारखान्याच्या भावाची शेजारच्याशी तुलना. संगमनेरने किती दिला, कोपरगावने किती, यावर चहाच्या टपरीवर निवडणुका ठरत. झोनबंदीमुळे सभासदाला ऊस दुसरीकडे नेता येत नसे, पण अध्यक्षाला तोंड दाखवायला लागेच.

मग दवाखाना, शाळा, दूध संघ. लोणीत १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल निघाली, ऐंशीच्या दशकात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं. एका कारखान्याने काढलं की दुसऱ्याला काढणं भाग पडे.

इथवर चित्र झकास आहे. आता त्याची दुसरी बाजू. बांधावरून दिसतं तेवढंच बांधावरून शिकता येतं. कारखाना कसा काढावा हे नगरने एकदा शोधलं आणि मग डझनभर वेळा तेच केलं. साखर, त्यामागून आसवनी, त्यामागून वीज. एकाने केलं की सगळ्यांनी. पण यंत्रं घडली वालचंदनगरला आणि पिंपरीत बकाऊ वुल्फकडे. साखरतंत्रज्ञांची संघटना १९३६ पासून पुण्यात. १९७५ मध्ये कारखान्यांनीच पैसे घालून संशोधन संस्था काढली ती मांजरीला, पुण्याच्या वेशीवर. आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. आसवनीचं तंत्र जगभर विकणारी प्राज इंडस्ट्रीज ऐंशीच्या दशकात पुण्यातच जन्मली. मळी नगरची, पेटंट पुण्याचं. माझ्या मते इथल्या पुढाऱ्यांची ही मोठी चूक: कारखान्याला कारखाना लागला, पण प्रयोगशाळेला प्रयोगशाळा लागली नाही.

उलट्या चुकीचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. फाळणीत रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून लष्करी वाहनांच्या तपासणी-संशोधनाचं काम नगर शहरात आलं, आजची व्हीआरडीई. देशातली उत्तम चाचणीपट्टी नगरला आहे. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लुना नगरमध्येच घडू लागली. पण मोटारींचा मुलूख झाला तो चाकण-पिंपरीचा. लष्करी संशोधन स्वभावतःच भिंतीआड असतं. तिथलं गुपित हवेत तरंगत नाही, तरंगूही नये. मग त्याच्या शेजारी मुलूखही उभा राहत नाही. साखरेत ज्ञान उघडं होतं पण उथळ राहिलं, वाहनांत खोल होतं पण बंद.

आणि एक बाजू जिल्ह्याच्या आतलीच. उत्तरेला कालवा, दक्षिणेला पाथर्डी-शेवगाव-जामखेड. दसरा झाला की पाथर्डीकडच्या टोळ्या, बीडच्या टोळ्यांबरोबर, मुकादमाची उचल घेऊन याच कारखान्यांच्या पालांवर येतात. गव्हाणीत मोळी टाकणाऱ्या अध्यक्षाचा फोटो दर वर्षी छापून येतो. मोळी बांधणाऱ्या बाईचा येत नाही. शेजारचं ज्ञान शेजाऱ्याला मिळतं खरं, पण शेजारी म्हणजे ज्याचा बांध आहे तो. जिचा बांधच नाही तिला या हवेतलं काही मिळालं नाही. पाण्याचंही तसंच: १९७६ मध्ये खालच्या अंगाला मराठवाड्यात जायकवाडी धरण झालं, २००५ च्या कायद्याने पाण्याचं समन्यायी वाटप आलं, आणि दुष्काळी वर्षात मराठवाड्यासाठी पाणी सोडायची वेळ आली की नगरच्या आणि पैठणच्या पुढाऱ्यांची कोर्टात गाठ पडते.

ज्यांनी यंत्र आणलं त्या खाजगी कारखान्यांचं काय झालं? हरिगाव आणि चांगदेव थंडावले. जमीन गेली, ऊस सहकाराकडे गेला. त्यातून तगले दोघे, आणि दोघेही साखर सोडून. टिळकनगर आज ब्रँडीसाठी ओळखलं जातं. साकरवाडीने अल्कोहोलपासून रसायनं बनवायला घेतली. अल्कोहोलपासून अॅसिटाल्डिहाइड, त्यातून पुढे अॅसिटिक आम्ल, इथाइल अॅसिटेट, क्रोटोनाल्डिहाइड. रंग, औषधं, शाई, अत्तरं यांच्या कारखान्यांना लागणारा हा माल. माझा अंदाज असा की त्यांना ऊस सहज मिळत राहिला असता तर ही वाट त्यांनी धरलीच नसती. ज्यांना ऊस भरपूर मिळाला त्यांनी ती फार उशिरा धरली.

साकरवाडीत आता ऊस गाळला जात नाही. कंपनीचा ऊस गाळला जातो तो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या समीरवाडीला. साकरवाडीत रसायनं बनतात, आणि गावाच्या पाटीवर नाव अजून साकरवाडीच आहे.